चेअरमन साहेबांना एका निवृत्त पॅनमनचं पत्र

मा. चेअरमन साहेब,



यंदाच्या बॉयलर अग्निप्रदीपनाची तुमची पानभर जाहिरात पाहिली. फोटो झकास. त्या जाहिरातीचं बिल चुकतं केलंत, की तेही आमच्या ग्रॅच्युइटीसोबत ‘साखर विकली की बघू’च्या फायलीत गेलं, एवढंच कुतूहल आहे.

मी तुमच्या कारखान्यात 32 वर्षं काढली, तीही कायम म्हणून. साखर शिजवायच्या पॅनमधला माल काचेवर घेऊन दिव्यापुढे धरला की दाणा कितपत वाढलाय ते मला कळायचं. तुमचा शब्द किती पातळ आहे, ते मात्र निवृत्त झाल्यावरच कळलं.

2021 च्या मे महिन्यात शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, ‘कारखाना म्हणजे एक कुटुंब’ असं बोललात. फोटोग्राफर गेला आणि कुटुंबही पांगलं. ग्रॅच्युइटीचा हिशेब तुमच्याच टाइम ऑफिसनं शिकवलेला: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 20,800, भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षाला 12,000. बत्तीस वर्षांचे 3 लाख 84 हजार. 1972 च्या कायद्यानं ते तीस दिवसांत द्यायचे होते. कायद्यानं दिवस सांगितले, वर्ष सांगायला हवं होतं, नाही का?

शिवाय शेवटच्या काही महिन्यांचा पगार. तेव्हाच्या कायद्यानं पगार सात तारखेच्या, फार तर दहा तारखेच्या आत वाटायचा असे. कुठल्या महिन्याच्या, हे आपल्या अकाउंट्सवाल्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

फंडाचं तर विचारूच नका. पावतीवर दरमहा 12 टक्के कापल्याची नोंद, पासबुकात त्याच महिन्यांपुढे काही नाही. माझ्या पगारातून कापून घेतलेली रक्कम भरली नाही, तर तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम 405 नुसार तो फौजदारी न्यासभंग. वार्षिक सभेत तुम्ही त्याला ‘तात्पुरती ओढाताण’ म्हणालात आणि सभासदांनी टाळ्या वाजवल्या. पावत्या मी जपून ठेवल्यात. एवढी एकच गोष्ट कारखान्यानं मला वेळेवर दिली.

आता म्हणता, कारखाना भाड्यानं दिलाय, नव्या कंपनीकडे जा. कंपनी म्हणते, जुनी देणी जुन्यांकडे. गेटवरचा वॉचमन म्हणतो, साहेब मुंबईला गेलेत. तिघांत खरं बोलला तो वॉचमनच.

पण तुमच्यावर राग धरवत नाही. ग्रॅच्युइटी लांबली की दहा टक्के सरळव्याज चढतं, म्हणजे महिन्याला 3,200. माझी पेन्शन दोन हजारांच्या आत. तुम्ही जेवढं टाळाल तेवढी माझी म्हातारपणाची सोय चांगली, असं कागदावर तरी दिसतं. औषधवाला कागद घेत नाही, तो भाग वेगळा.

ग्रॅच्युइटीच्या मागणीचा फॉर्म आय तुम्ही घेतला नाहीत, म्हणून नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे दाद मागायचा फॉर्म एन भरला. निकाल माझ्या बाजूनं लागलाय. पैसे आले नाहीत, तर वसुलीचा दाखला कलेक्टर कचेरीत जाईल आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होईल. तुमचे वकील अपिलाचा सल्ला देतील. त्यांना एवढंच विचारा, अपील दाखल करताना ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम आधी जमा करावी लागते, ती कुठल्या खात्यातून भरायची?

आपला,
तिकीट नंबर विसरला असाल, म्हणून नुसताच पॅनमन