चुली मोजायला आली होती ती!

अहो वहिनी, ऐकलंत का? या की जरा इकडे, कपडे काय, नंतर वाळत घाला. त्या धुळेवाल्या काकूंकडे काल कॉलेजच्या दोन पोरी आलेल्या, सर्व्हेला. एकीच्या हातात छापील फॉर्म, दुसरीकडे नुसती वही. फॉर्मवालीनं विचारलं, "मावशी, चुली किती?" काकू म्हणाल्या, "दोन. खाली माझी, वर सुनेची." झालं! 'विभक्त'वर टिक. काकूंचा चेहरा असा उतरला म्हणता! "विभक्त? आमच्यात काय भांडणं झालीत का गं?" आणि जिन्यात उभी असलेली सून? ती मात्र गालातल्या गालात... जाऊ दे, मी काही बोलत नाही.

तर काय सांगत होते, वहीवाली तिथंच बसून राहिली. चहा झाला, चिवडा झाला, मग एकेक बाहेर आलं. मुलाला पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रात्रपाळी, त्याच्या वेळा सांभाळायच्या म्हणून वर वेगळा स्वयंपाक. पगार मात्र सासूच्याच हातात, आणि गावाकडचा सातबाराही सामाईक! आता हे घर फुटलेलं म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

गेटपाशी जुंपली की हो दोघींची. माझी भाची तिथंच होती, एम.ए.ला समाजशास्त्रच आहे ना तिचं. ती म्हणे, फॉर्मवाली प्रत्यक्षार्थवादी. जे मोजता येतं, दुसऱ्यानं पुन्हा तपासलं तरी तेच निघतं, त्यावर भिस्त. काँत आणि दुर्खेम यांच्या घराण्यातली. त्या दुर्खेमनं तर 1897 मध्ये आत्महत्यासुद्धा आकड्यांत मांडल्या, प्रॉटेस्टंटांत जास्त, कॅथलिकांत कमी. पण कागदावर 'आत्महत्या' लिहितं कोण, नि घरचे काय झाकतात... असो. वहीवाली अन्वयार्थवादी, मॅक्स वेबरच्या माहेरची. माणूस जे करतो त्याचा त्याच्या लेखी अर्थ काय, ते आधी समजून घ्या म्हणणारी.

वहीवाली म्हणाली, "तुझ्या टिकमध्ये काकू आहेत कुठे?" फॉर्मवाली कसली ऐकते! "आणि तू एका काकूंवरून लिंबायत ते वराछा अख्खं सुरत सांगणार? शिवाय सासूचं ऐकलंस, सून तुझ्यासमोर तोंड उघडेल का?" तेव्हा वहीवालीचं तोंड बघायला हवं होतं!

अहो, पण सुरतेला हे नवं का आहे? युनिव्हर्सिटीच्या आवारात सेंटर फॉर सोशल स्टडीज आहे ना, ते 1969 मध्ये उभं करणारे आय. पी. देसाई. मुंबईच्या समाजशास्त्राच्या प्रोफेसर घुर्यांचे विद्यार्थी. एकत्र कुटुंब संपलं म्हणून जो तो गळा काढत होता, तेव्हा यांनी भावनगरकडच्या महुव्यात 423 कुटुंबं धुंडाळली. म्हणाले, नुसतं कोण कोणाबरोबर राहतं ते बघून काय कळणार? मिळकत कुणाची, अडीनडीला धावतं कोण, तेही विचारा. मग एकत्रपणाच्या पायऱ्याच लावल्या त्यांनी. पुस्तक आलं 1964 मध्ये. म्हणजे मोजलं त्यांनीही, पण मोजायचं काय, ते नीट विचार करून ठरवलं.

आणि तो डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन! साठच्या दशकापासून आपल्या दक्षिण गुजरातेत हळपती मजुरांच्या वस्त्यांत फिरला, जमीनदारांशीही बोलला. इतकं ऐकलं, पण पुस्तकात गावांची खरी नावंसुद्धा घातली नाहीत. केवढं पोटात ठेवणारा माणूस... आपल्याला जमेल का हो?

आकड्यांना नावं ठेवू नका हं मात्र. घुर्यांच्याच शिष्या आपल्या इरावतीबाई कर्वे. बर्लिनला ऑयगेन फिशर नावाच्या प्रोफेसराकडे कवट्या मोजायला गेल्या. साहेबांना खात्री, गोऱ्यांची कवटी वेगळीच निघणार. बाईंनी मोजल्या, तर वंशावरून फरक निघेचना! साहेबांचं काय झालं असेल, कल्पना करा. पदवी दिली, पण गुण देताना हात आखडला म्हणे. त्याच बाईंनी पुढे 'युगान्त' लिहिलं, कुंती आणि द्रौपदी यांच्या मनात शिरून. कवटी मोजणारा हात नि मन वाचणारा हात एकाच बाईचा!

तर काय सांगत होते... हां, त्या पोरी. शेवटी समेट झाला. फॉर्ममध्ये नवा रकाना घालणार आहेत, 'पगार कुणाच्या हाती?' आणि वहीवाली आता सुनांना वेगळं गाठणार आहे, सासू देवळात गेल्यावर. मंगळवारी तुमच्या विंगमध्ये येणार म्हणे. तुमची चूल एकच ना? मग फॉर्मवर 'एकत्र' ठरलेलंच. त्या वहीवालीला चहाला बसवायचं का, ते मात्र तुमचं तुम्ही बघा हो!