एका शिवीला एकवीस किलो धान

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी आमच्या घरातलं एक गुपित लाकडी बैलावर बसून बाहेर पडलं.

नातू सहा वर्षांचा. गळ्यात गमछा, हातात दोरी, दोरीला चाकांचा नंदीबैल. कुंकू बैलाच्या कपाळावर आणि पोराच्याही. आमच्या गावात, नागऱ्यात, घरोघरी जायचं, बैलाची पूजा होऊ द्यायची आणि बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, खिशात टाकून पुढचं दार गाठायचं, एवढाच कार्यक्रम. शेजारच्या ओसरीवर निवृत्त गुरुजी बसले होते. त्यांनी बंडीच्या खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं, उलटंपालटं करून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि जड हातानं दिलं. पोरानंही ते उलटंपालटं करून पाहिलं. मग स्वच्छ आवाजात जाहीर केलं, "आबाजी खरंच म्हन्ते. तुमी मक्खीचूस आहा."

आबाजी म्हणजे मी. आणि मी त्याच्या मागे तीन हातांवर उभा.

अशा वेळी संस्कारी माणसानं जे करायचं ते मी केलं. "गप बस, भैताडा!" असं ओरडलो. गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे पाहिलं, दोन रुपये परत घेतले आणि दहाची नोट काढून दिली. पोराच्या हिशेबात त्या शब्दाची किंमत जागच्या जागी आठ रुपये ठरली. पुढच्या चार घरांत त्यानं तोच शब्द वापरून पाहिल्याचं मला नंतर कळलं.

रात्री घरात चौकशी बसली. सून म्हणाली, मोबाइल. मुलगा म्हणाला, शाळा. शाळेतून मागच्या महिन्यातच चिठ्ठी आली होती, की पाल्याच्या घरच्या बोलण्याकडे लक्ष द्यावे. त्यामुळे तो मुद्दा फार ताणता आला नाही. मोबाइलवर थोडं खापर फुटलं, ते रास्तच. 'छपरी' आणि 'नल्ला' हे दोन शब्द आमच्या घरात रीलमधूनच आले. नागऱ्याच्या मातीत ते उगवत नाहीत. बाकीचा साठा मात्र स्थानिक. गोंदिया जंक्शन इथून हाकेच्या अंतरावर आणि मध्यप्रदेशची हद्दही लांब नाही. त्यामुळे झाडीबोली, पोवारी, हिंदी, छत्तीसगढी अशा चार भाषांचे अपशब्द आमच्या पोरांना शिकवणीशिवाय येतात. त्रिभाषा सूत्रावर मुंबईत एवढा गदारोळ झाला. आमच्या गल्लीत चतुर्भाषा सूत्र गोट्या खेळताना राबवलं जातं.

चौकशीत मी गप्प होतो. 'मक्खीचूस' हा शब्द मी बारा वर्षं वापरतोय. गुरुजींच्या ओसरीकडे तोंड करून, चहा पिताना, आवाज एक पट्टी खाली आणून. सुनेनं तो ऐकलाय, मुलगा त्यावर हसलाय, पाहुण्यांना तो समजावून सांगितलाय. बारा वर्षांत घरात कुणालाही तो अपशब्द वाटला नव्हता. अपशब्द तो कधी झाला? पोरानं तो ज्याचा होता त्याला नेऊन दिला तेव्हा. आम्ही मोठी माणसं शिवी लिहितो, पाकिटात घालतो, पत्ता लिहीत नाही. पोस्टमनचं काम पोरगं करून बसलं.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर विषय निघालाच. कुणीतरी सौंदाळ्याचं सांगितलं. अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात हे गाव. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंड. संध्याकाळी 7 ते 9 शाळकरी पोरांच्या हाती मोबाइल द्यायचा नाही, हाही ठराव त्याच सभेत. (या दोन तासांत मोबाइल कुणाच्या हाती असतो हे ठरावात नाही, पण आमच्या घरी तो माझ्या हाती असतो.) माझी खात्री आहे, त्या ग्रामसभेत बसलेल्यांनी हात वर करताना धैर्य दाखवलं. आईवरून शिवी खाणारी आई त्या भांडणात कुठेच नसते, तिच्या नावानं दोन पुरुष आपला हिशेब चुकता करतात, आणि हे कुणाला तरी खटकलं.

"आपल्या नागऱ्यातही असा कायदा कराले पाह्यजे बे," एक जण म्हणाला.

"तू कायले बोलतं बे? पह्यलं नाव तुहंच निंघन."

"पाहून घ्या, हाच भैताड मले शिकवते!"

ठराव इथेच, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह, नामंजूर झाला. तरी मी ठेल्यावरच कागदावर हिशेब मांडला. 2025-26 च्या खरिपाला साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये होता. म्हणजे सौंदाळ्याच्या दरानं एका शिवीला एकवीस किलो धान. एकरभराचं पीक माणूस एका भांडणात बोलून बसेल. आणि आमच्या 'बे'चं काय करायचं? ती शिवी नाही, संबोधन नाही, ते विरामचिन्ह आहे. पुण्याच्या माणसाला 'का बे' म्हटलं की तो दोन पावलं मागे सरकतो. आमच्याकडे न म्हटलं तर समोरचा विचारतो, रागावला का बे?

दंडाच्या यादीत सौम्य शब्द घालायचे कसे, हा प्रश्न दिल्लीलाही पडला होता. जुलै 2022 मध्ये लोकसभा सचिवालयानं असंसदीय शब्दांची पुस्तिका काढली. 'निकम्मा', 'नौटंकी', 'चमचा', 'बालबुद्धि' आणि इंग्रजीतलं गाढवही तीत होतं. ओरड झाल्यावर अध्यक्षांनी खुलासा केला, की कुठल्याही शब्दावर बंदी नाही, फक्त कामकाजातून काढलेल्या शब्दांचं हे संकलन आहे. म्हणजे बोला, पण इतिवृत्तात दिसणार नाही. पाकिटावर पत्ता न लिहिण्याची ही आमचीच रीत, फक्त छापील. आणि 'बालबुद्धि' हा अपशब्द ठरावा, याचं मला विशेष वाटलं. बालबुद्धी असती तर सभागृहात निदान खरं कोण काय म्हणतं ते कळलं असतं.

गाढवावरून आठवलं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आणि दोन महिने उलटायच्या आत सौंदाळ्याचा ठराव झाला. योगायोगच. पण भाषेचं जुनेपण सांगताना आपण ज्या शिळा अभिमानानं दाखवतो, त्यांतल्या काहींचं नाव गधेगाळ. शिलाहार-यादव काळात राजा जमीन दान द्यायचा आणि दगडावर वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली, हे दान जो मोडेल त्याची आई आणि एक गाढव यांच्याबद्दलचा इशारा कोरून ठेवायचा. काही दगडांवर चित्रासकट, म्हणजे निरक्षरांचीही अडचण होऊ नये. पाचशेच्या दरानं, दर दगडामागे, शिलाहारांकडे केवढी थकबाकी निघेल! ती वसूल झाली तर नेवासा तालुक्यातले रस्ते होऊन जातील.

राजानं कोरलं की शिलालेख, खासदार बोलला की कामकाजातून वगळलेला शब्द, मी बोललो की चहासोबतचा टाइमपास. सहा वर्षांच्या पोरानं म्हटलं की संस्कार बुडाले.

आणि हे कुठल्या दिवशी? त्याच दिवशी सकाळी गावातून मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारी बाहुली, निघाली होती. कुणी तिला नारबोद म्हणतात. पोराटोरांसकट अख्खी गल्ली तिच्यामागे ओरडत होती, रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा, ढेकूण-मच्छर घेऊन जा. नागपुरात तर बडग्यांच्या, म्हणजे मारबतीसोबतच्या पुतळ्यांच्या, गळ्यात पुढाऱ्यांच्या नावाच्या पाट्या असतात आणि त्यांवर जे लिहिलेलं असतं ते वाचून पोलीसही हसतात. सकाळी मीच नातवाला खांद्यावर घेऊन सांगितलं होतं, "ओरड, मोठ्यानं ओरड!" सहा तासांत नियम बदलला हे मी त्याला सांगायचं विसरलो.

तर आता समजूत घालणं भाग होतं. काल सकाळी त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, बाबू, न समजणारा शब्द वापरू नये. तो म्हणाला, मग सांगा ना, मक्खीचूस म्हन्जे का?

मी सांगितलं. एक माणूस होता. त्याच्या तुपात माशी पडली. दुसरा कुणी असता तर त्यानं माशी काढून फेकली असती. यानं काढली, पण फेकण्याआधी तिच्या अंगाचं तूप वाया जाऊ नये म्हणून तिला चोखलं. पोरगं नाक मुरडून खूप हसलं. मग गंभीर झालं. गुरुजी तसं करतात का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही रे, ती आपली म्हणायची गोष्ट. कुणाला असं बोलू नये. ते चांगले आहेत. त्यानं मान डोलावली. मला वाटलं, जमलं.

एवढ्यात सुनेनं चहा आणून ठेवला. पावसाळी दिवस, गोठा शेजारी. दुसऱ्या घोटाला पाहिलं तर कपात माशी. मी ती दोन बोटांनी अलगद काढली, कपाच्या काठावर दोनदा झटकली, थेंब आत पडू दिले, माशी अंगणात टाकली आणि चहा प्यायला लागलो.

पोरगं बघत होतं. माशीकडे, कपाकडे, माझ्याकडे. काही बोललं नाही. शहाण्यासारखं उठलं, कोपऱ्यातला लाकडी बैल घेतला आणि त्याची चाकं खडखडत गुरुजींच्या ओसरीकडे निघालं.