ईर्षेची बोली

‘लिलाव’ हा शब्द मराठीला पोर्तुगिजांनी दिला आणि ‘सौदा’ हा फारसीने. उर्दूत मात्र सौदा या एकाच उच्चाराचे दोन अर्थ शेजारी-शेजारी नांदतात, एक देवघेव आणि दुसरा, अरबी वैद्यकातील काळ्या पित्तावरून आलेला, वेड. मराठीने त्यातला पहिला तेवढा उचलला आणि दुसरा उंबऱ्याबाहेर ठेवला. ऑनलाइन लिलाव म्हणजे विक्रेत्याने वस्तूचे छायाचित्र लावावे, मुदत जाहीर करावी आणि एकमेकांना कधीही न पाहिलेल्या ग्राहकांनी त्या मुदतीत बोली चढवत न्यावी असा व्यवहार. त्याचा अभ्यास करू लागले की बाहेर ठेवलेला तो दुसरा अर्थ मागच्या दाराने केव्हाच घरात शिरला असल्याचे ध्यानात येते. या अभ्यासासाठी कोल्हापूर निवडण्याची कारणे दोन, गूळ आणि ईर्षा.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून या शहराला गुळाच्या सौद्यांची सवय आहे. गुळाची मोठी ढेप, जिला येथे ‘रवा’ म्हणतात आणि जिचे वजन परंपरेने तीस किलो धरले जाते, ती अडत्याच्या दुकानापुढे उघडी मांडलेली असते. खरेदीदार तिचा रंग पाहतो, नखाने कण उकरतो, तो जिभेवर ठेवतो, तोंड वाकडे करतो (हे तोंड वाकडे करणे चवीशी संबंधित नसून भावाशी संबंधित असते) आणि मगच बोली बोलतो. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी रीत आहे, तिच्यात भाव झाकलेला असला तरी बैल उघडा असतो, त्याचे दात मोजता येतात आणि शेपूट पिळून पाहता येते. ऑनलाइन लिलावाने ही मांडणी नेमकी उलटी केली, कारण तेथे भाव चारचौघांत उघडा असतो आणि रुमालाखाली बैल असतो.

दुसरे कारण ईर्षा. शब्दकोशात या शब्दाचा अर्थ मत्सर असा मिळेल, पण कोल्हापुरात तो अर्थ अपुरा ठरतो, कारण मत्सरात दुसऱ्याजवळ असलेली वस्तू आपल्याला हवी असते, तर ईर्षेत ती वस्तू कोणती हे दुय्यम असून ती दुसऱ्याला मिळता कामा नये एवढेच मुख्य असते. तालमींच्या संघांमधील फुटबॉल, सहकारी साखर कारखान्यांच्या निवडणुका आणि गणेशोत्सवातील मंडळांच्या मिरवणुका या तिन्ही संस्था याच इंधनावर चालतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे शुद्ध उदाहरण हवे असल्यास त्याने ‘एमएच-०९’ या कोल्हापूरच्या मालिकेतील वाहनक्रमांकांचा विचार करावा: एकाच पसंतीच्या क्रमांकासाठी एकाहून अधिक अर्ज आले की परिवहन कार्यालय बंद पाकिटातून जादा रकमेचे धनाकर्ष मागवते आणि ज्याची रक्कम सर्वाधिक त्याला क्रमांक देते. पाकीट फोडल्यावर दुसऱ्याने आपल्यापेक्षा निम्मीच रक्कम भरली होती असे कळले तरी विजेता हळहळत नाही, उलट ती तफावत तो चारचौघांना अभिमानाने सांगतो. अशा नगरीच्या हाती लिलावाचे संकेतस्थळ देणे म्हणजे गुऱ्हाळाच्या चुलाणात रॉकेल ओतण्यासारखे होते.

या उद्योगाचा आरंभच मोठा बोलका आहे. पिएर ओमिड्यार या संगणक-अभियंत्याने सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत जे संकेतस्थळ सुरू केले आणि जे पुढे ‘ईबे’ या नावाने प्रसिद्ध झाले, त्यावर विकल्या गेलेल्या पहिल्या वस्तूंत एक मोडका लेझर पॉइंटर होता. तो १४ डॉलर ८३ सेंटना गेला, आणि वस्तू मोडकी आहे हे आपल्याला कळले आहे ना, असे ओमिड्यारने विचारता ग्राहकाने आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवतो असे उत्तर दिल्याचे कंपनी आजही कौतुकाने सांगते. पुढच्या सगळ्या व्यवसायाचे बीज या उत्तरात आहे. भारतात २००० साली ‘बाझी डॉट कॉम’ निघाले, ते २००४ मध्ये ईबेने सुमारे पाच कोटी डॉलरना घेतले, ईबेची भारतीय शाखा २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते दुकान बंद झाले. म्हणून लिलाव संपले असे मात्र नाही: नाणी-तिकिटांचे लिलाव, थकीत कर्जापोटी बँकांनी ताब्यात घेतलेल्या घरांचे व वाहनांचे लिलाव आणि सरकारी भंगाराचे लिलाव जोमात चालू आहेत, आणि परदेशी संकेतस्थळांवर येथून बोली लावण्यास कोणाची आडकाठी नाही.

या लिलावांत बोली लावण्याचे काम यंत्रावर सोपवता येते. ग्राहकाने आपली कमाल रक्कम एकदाच गुपचूप सांगायची, मग प्रतिस्पर्ध्याच्या बोलीच्या वर राहण्यापुरतीच वाढ यंत्र करत राहते. म्हणजे कमाल मर्यादा २००० रुपयांची असेल, दुसऱ्याची १५०० रुपयांची असेल आणि वाढीची पायरी ५० रुपयांची असेल, तर वस्तू १५५० रुपयांत पदरात पडते. विजेत्याने आपली नव्हे, तर जवळपास दुसऱ्या क्रमांकाची रक्कम मोजावी, म्हणजे खरी किंमत सांगण्यात कोणाचाच तोटा राहत नाही, हे तत्त्व विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये गणिताने मांडले आणि त्यासह त्याच्या एकंदर कार्याला १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सिद्धांत निर्दोष आहे; त्यात गृहीत धरलेला माणूस तेवढा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आढळत नाही. जेवण झाल्यावर एका जुन्या घड्याळासाठी शांत चित्ताने २००० ही मर्यादा ठरवणारे गृहस्थ आणि रात्री अकरा वाजता ‘तुमच्यावर बोली झाली आहे’ हा संदेश वाचणारे गृहस्थ हे कायद्याने एकच असले तरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, कारण पहिल्याला घड्याळ हवे असते आणि दुसऱ्याला ‘सोडायचं न्हाई’ एवढेच ठाऊक असते.

मुदतीचा प्रश्न याहून रंजक आहे आणि तो कुस्तीच्या भाषेत चटकन उलगडतो. मार्केट यार्डातला गुळाचा सौदा ही निकाली कुस्ती असते, म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत ती चालते, घड्याळाचा तिच्याशी संबंध नसतो आणि एक वार, दोन वार, तीन वार हा पुकारा बोली खरोखर आटल्यावरच होतो. ईबेवरील लिलाव ही घड्याळावरची कुस्ती आहे. ती ठरल्या सेकंदाला सुटते, त्यामुळे मुरलेला मल्ल आठवडाभर अंगाला माती न लावता बसून राहतो आणि अखेरच्या दहा सेकंदांत झडप घालतो. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अभ्यासकांनी २००२ मध्ये ईबेची तुलना अ‍ॅमेझॉनच्या त्या काळातील लिलावांशी केली. अ‍ॅमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप लांबत असे, आणि तेथे ही अखेरची झडप फारच कमी आढळली. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात बसणाऱ्या कोणाही जाणत्या प्रेक्षकाने हा निष्कर्ष फुकट सांगितला असता, पण त्याला कोणी विचारले नाही.

जिंकल्यानंतर काय होते, यावरही शास्त्र आहे. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा विचार करून तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये दाखवले की वस्तूची खरी किंमत कोणालाच नक्की ठाऊक नसते तेव्हा जिंकतो तो बहुधा तिचा सर्वांत फुगीर अंदाज करणारा. याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. या शापाचे सर्वांत महागडे उदाहरण रोमचे. इसवी सन १९३ मध्ये शरीररक्षकांनी सम्राटाचा खून करून साम्राज्यच लिलावात काढले, तेव्हा डिडियस युलियानस याने प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक सैनिकामागे वीस हजार नाण्यांची बोली ओरडून आणि बोटे दाखवून (रुमालाशिवाय) एकदम पाच हजारांनी वाढवली, गादी मिळवली आणि सहासष्ट दिवसांनी प्राण गमावले. हे रोममध्येच घडते असे कोणी समजू नये: नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे सरपंचपदाची बोली दोन कोटींवर गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणूकच रद्द केली. डिडियसच्या मानाने हा परतावा पुष्कळ सौम्य म्हटला पाहिजे.

लाभ काहीच नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. करवीर संस्थानचे कोर्ट फी स्टॅम्प, जे येथील वकिलांच्या माळ्यांवरून कधीच रद्दीत गेले, ते आज परदेशातील एखाद्या संग्राहकाच्या वहीतून पडद्यावर अवतरतात आणि हजारो मैलांचा प्रवास करून, वाटेत जकातीचा प्रसाद चढवून, जेथे वापरले गेले त्या गावी परत येतात. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये जेथे स्वदेशी कॅमेरा घडवला त्या गावात जुन्या मूकपटांचे कागद आणि फलक शोधणाऱ्याला एरवी शंभर घरांचे जिने-माळे पालथे घालावे लागले असते. जावा मोटारसायकलच्या सुट्या भागांसाठीही लोक अशा लिलावांत उतरतात. फक्त कोल्हापुरात भाग पोहोचेपर्यंत उद्यमनगरातल्या लेथवर तसाच दुसरा तयार होऊन बसलेला असतो आणि तो मूळ भागापेक्षा बरा चालतो, ही अडचण आहे.

संकटांचा विचार करताना नाण्यांवर थांबणे भाग आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा मजकूर असलेली तांब्याची शिवराई फार मोठ्या संख्येने पाडली गेली आणि एकोणिसाव्या शतकातही चलनात होती, त्यामुळे ती दुर्मीळ नाही. सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मीळ आहे, आणि नेमका तोच पडद्यावर ‘आजोबांच्या पेटीत सापडला’ या मथळ्याखाली वरचेवर दिसतो. महाराष्ट्रातील आजोबांच्या पेट्यांतून निघालेल्या होनांची बेरीज केल्यास शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी टांकसाळ रात्रपाळीत चालत असावी असे अनुमान निघेल. छायाचित्रात नाण्याचे वजन दिसत नाही, कडेचा साच्याचा ओघळ दिसत नाही, आणि भाव फुगवण्यासाठी विक्रेत्याचा मेहुणाच दुसऱ्या नावाने बोली लावत असल्यास तोही दिसत नाही. उलट दिशेचा फसवा धंदा याहून मोठा आहे: वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच-दहा रुपयांचे नाणे किंवा ७८६ या आकड्याची नोट लाखो रुपयांना घेऊ, आधी नोंदणीचे थोडे पैसे भरा, असे सांगणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली, कारण हे लोक बँकेचेच नाव वापरत होते. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या ग्राहकाने पणजोबांच्या शिवराईला मोठी बोली दिल्याचा आनंद थेट गुन्ह्याच्या कलमापाशी नेऊन सोडतो.

घरापर्यंत आलेल्या वस्तूचे पुढे काय होते, याची नोंद कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने घेतलेली नाही. खोके उघडले जाते, ‘किती उडवलासा?’ असा प्रश्न स्वयंपाकघरातून येतो, सांगितलेली रक्कम खऱ्या रकमेच्या एक-तृतीयांश असते, आणि न चालणारे घड्याळ शोकेसमध्ये वरच्या कप्प्यात, आधीच्या दोन न चालणाऱ्या घड्याळांशेजारी जाते. परत करावे म्हटले तर बहुतेक लिलावांच्या अटींत ‘जसे आहे, जेथे आहे’ हे शब्द असतात, आणि ते बोली लावण्याआधी वाचणारा ग्राहक अद्याप कोणाच्या पाहण्यात नाही.

दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात नव्या हंगामाच्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. बोली लावायची नसली तरी तेथे उभे राहता येते, आणि कणभर गूळ चाखण्याचे पैसे पडत नाहीत.