रिकामी आहेस ना?

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला विभागातून फोन आला. "रिकामी आहेस ना? जरा खाली ये." खाली चर्चासत्राच्या उद्घाटनाची तयारी चालली होती. शालींच्या घड्या घालायच्या होत्या, पाहुण्यांच्या नावाच्या पाट्या टेबलावर मांडायच्या होत्या, समईत तेल आहे का ते बघायचं होतं. एका पाटीवर आडनावाची वेलांटी चुकली होती. ती नवी छापून आणायला मी फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. जागेवर परत आले तेव्हा दीड वाजला होता. माझी तक्रार त्या सव्वादोन तासांबद्दल आहे, आणि त्याहून जास्त त्या एका शब्दाबद्दल.

मी रिकामी नव्हते.

माझ्यासमोर पेशवाईतल्या एका पत्राची छायाप्रत होती. पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांवरून गावागावांत झालेले तंटे हा माझा पीएचडीचा विषय. पत्र मोडीत आहे. मोडी लिहिणारा आधी ओळ ओढून घेतो आणि बोरू शक्यतो न उचलता अक्षरात अक्षर वळवत जातो. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. सरावलेल्या हाताचं पत्र तासाभरात लागतं, घाईचा हात असला तर दिवस जातो. या पत्राची कडा कसरीनं खाल्ली आहे. सालाच्या पहिल्या शब्दातलं फक्त 'स' उरलं आहे. पुढचं 'सितैन मया व अलफ', म्हणजे साठ, शंभर आणि हजार, शाबूत आहे. शुहूर सनात आकडे अरबी शब्दांत लिहीत. सलास म्हणजे तीन, सीत म्हणजे सहा, सबा म्हणजे सात, समान म्हणजे आठ. चारही 'स'नं सुरू होतात. म्हणजे साल ११६३, ११६६, ११६७ किंवा ११६८. इसवी सनात आणायचं तर १७६२-६३ पासून १७६७-६८ पर्यंत कुठेही. सलास धरलं तर हे पत्र या तंट्याच्या निवाड्याच्या आधीची फिर्याद ठरतं. समान धरलं तर तेच पत्र निवाडा न मानणाऱ्या गावाची कागाळी होतं. माझं तिसरं प्रकरण त्या एका खाल्लेल्या अक्षरावर उभं आहे.

यातून वाट काढता येते. पत्रात तिथी आहे, वार आहे, हिजरी महिन्याचा चंद्र आहे. मोडकांची जंत्री उघडून हे तिन्ही कोणत्या साली एकत्र येतात ते तपासायचं, मग पत्रातल्या कमाविसदाराचं नाव त्या सालच्या दुसऱ्या कागदांत शोधायचं. हे काम बाहेरून कसं दिसतं ते मला माहीत आहे. एक बाई एका कागदाकडे बघत बसली आहे. फोन करणाऱ्यानं खोलीच्या दारातून मला तशीच पाहिली असणार. पण चार सालांच्या चार शक्यता डोक्यात एकाच वेळी धरून ठेवाव्या लागतात, आणि मधेच उठलं की त्या सुटतात. दीड वाजता परत आल्यावर मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

हा शब्द फक्त विभागात ऐकू येतो असं नाही. मी सुट्टीत घरी असले आणि आत्याला बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असला की ती म्हणते, "तू काय, घरीच असतेस." तिथल्या शेजारच्या काकू गॅसचा सिलिंडर येणार असेल तेव्हा किल्ली माझ्याकडे ठेवतात. लग्नात भेटलेले मामा विचारतात, "अजून शिकतेयस? संपणार कधी?" बँकेच्या फॉर्मवर व्यवसाय या रकान्यापाशी मी थांबते. नोकरी लिहिलं तर पगाराची स्लिप मागतात. विद्यार्थी लिहिलं तर खिडकीतला माणूस वय बघतो, मग माझ्याकडे बघतो. या माणसांचा माझ्यावर राग नाही, उलट जीव आहे. पण शिकणं म्हणजे परीक्षा आणि काम म्हणजे हजेरी, एवढंच त्यांच्या ओळखीचं आहे. माझं काम या दोन्हींच्या मधे पडतं, म्हणून त्यांच्या लेखी ते रिकाम्या वेळात जमा होतं.

नियमांत मात्र माझा वेळ नीट मोजलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या विनियमांप्रमाणे पीएचडीला किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६ वर्षं मिळतात, कोर्सवर्क त्यातच धरून. पुनर्नोंदणी करून २ वर्षं वाढवून मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी २. मातृत्वासाठी आणि मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची सोय आहे. जेआरएफ फेलोशिप मिळालेल्यांना १ जानेवारी २०२३ पासून पहिली २ वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, एकूण ५ वर्षं. ६ वर्षं म्हणजे ७२ महिने. त्यातून कोर्सवर्क, सिनॉप्सिस, सहामाही सादरीकरणं, शेवटचं टायपिंग, तपासणी आणि बाइंडिंग वजा करा. कागदांसमोर बसायला जे उरतं ते मोजकं असतं, आणि त्यातूनच सगळे 'जरा' म्हणून घेतात.

'जरा' हा दुसरा शब्द. जरा पेपरवर सुपरव्हिजन कर. जरा पाहुण्यांना स्टेशनवरून आण. जरा सरांचं प्रेझेंटेशन नीट करून दे. एकेक काम लहान असतं आणि नाही म्हणण्यासारखं नसतं. नाही म्हटलं तर ते लक्षात राहतं, आणि पुढच्या महिन्यात त्याच टेबलावर मला सही हवी असते. फेलोशिपच्या हजेरीपत्रकावर गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, मग मुख्य इमारतीत इनवर्ड नंबर. मूळ कागद पुण्यात पेशवे दफ्तरात आहेत, ते तिथे जाऊनच वाचावे लागतात. गेल्या महिन्यात मी रात्रीच्या एसटीचं तिकीट काढलं होतं. निघण्याआधी हजेरीपत्रकावर सही हवी होती. संध्याकाळी कळलं की साहेब मीटिंगला गेलेत, सही उद्या. दुसऱ्या दिवशी बारा वाजता सही झाली. त्यासाठी खरोखर लागलेला वेळ पाच सेकंद. पुण्यातले माझे दोन दिवस त्यात गेले, म्हणजे कागदांचे चार रुमाल, कापडात बांधलेले गठ्ठे, सोडून पाहायचे राहिले. गो. स. सरदेसाईंनी १९३० पासूनच्या चार-पाच वर्षांत त्या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड छापले. त्या खंडांवर आमच्या पिढ्या पोसल्या. पण दोन गावांतल्या पाटाच्या भांडणाची पत्रं राजकारणाच्या निवडीत फारशी येत नाहीत. ती अजून रुमालात बांधलेली आहेत, आणि कुणीतरी बसून वाचल्याशिवाय ती बोलणार नाहीत.

वसतिगृहाच्या आमच्या मजल्यावर आठ जणी संशोधन करतात. रसायनशास्त्रातल्या मैत्रिणीला रात्री दोनला उठून रिअ‍ॅक्शन बघावी लागते. ती सकाळी दहाला झोपलेली दिसते, म्हणून आळशी ठरते. दुसरीला फेलोशिप नाही. ती सीएचबीवर तालुक्याच्या कॉलेजात तासिकेप्रमाणे शिकवते, सुट्टी लागली की तिचे पैसे थांबतात, आणि थिसिस एसटीत लिहिते. सहा वर्षांचा हिशेब तिलाही तोच लागू आहे. या मजल्यावर आम्ही एकमेकींचा वेळ जपतो. एखादीचं दार बंद असलं तर वाजवत नाही. पुण्याला जाणारी दुसरीच्या कागदाचा रुमाल क्रमांक लिहून नेते. व्हायवाच्या आदल्या रात्री जिचा व्हायवा असेल तिला बाकीच्या जेवण वाढून आणून देतात. संशोधकांचं गाव असतं ते असं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

म्हणून मागच्या आठवड्यातली एक गोष्ट मला टोचते. कोर्सवर्कला नव्यानं आलेली मुलगी कट्ट्यावर बसली होती. मला एक फॉर्म प्रशासन विभागात पोचवायचा होता. मी तिला म्हटलं, "रिकामी आहेस ना? जरा हे देऊन ये." ती उठली. मांडीवरची वही तिनं मिटली तेव्हा दिसलं, ती संदर्भांची कार्डं लावत होती. शब्द असाच वरून खाली येतो. मी तिची माफी मागितली आणि फॉर्म स्वतः नेला.

माझं मागणं लहान आहे. मी कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही. शालींच्या घड्या घालीन, आत्याला बँकेत नेईन. फक्त "रिकामी आहेस ना?" ऐवजी "कधी वेळ होईल?" असं विचारा. पहिल्या प्रश्नात उत्तर आधीच ठरलेलं असतं. दुसऱ्यात माझ्याकडे काम आहे हे मान्य केलेलं असतं.

परवा पुन्हा फोन आला. "रिकामी आहेस ना?" मी म्हटलं, "नाही, वाचतेय. चार वाजता मोकळी होते." पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग आवाज आला, "बरं, चारला ये." चारपर्यंत जंत्रीत वार जुळला. ते 'स' समानचं होतं.