शाखाशीर्ष-फेनमीमांसा : प्रथम पाद

रिठ्याची टरफले रात्रभर कोमट पाण्यात भिजवून सकाळी कुस्करली असता जो पांढुरका, चिवट फेस उत्पन्न होतो, त्याचे स्वतंत्र शास्त्र मराठीत अद्याप निर्माण झालेले नाही. सराफ त्यात पाटल्या धुतात, गृहिणी त्यात पैठणी बुचकळतात आणि कार्य उरकताच उभयता तो मोरीत ओततात. ज्ञानाची याहून मोठी नासाडी प्रस्तुत लेखकाच्या अवलोकनात नाही. सबब हा प्रबंध.

प्रथम अधिकारनिर्णय. ज्याने खरकटी भांडी कधी विसळली नाहीत, तो या शास्त्राचा अनधिकारी होय. आद्य आचार्या आग्नेस पोकेल्स यांनी जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे स्वयंपाकघरातच जलपृष्ठाचा अभ्यास केला आणि भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना लिहिलेले त्यांचे पत्र 1891 साली ‘नेचर’मध्ये छापून आले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, मोरी होती.

आता फेसकर्त्याचे लक्षण. ज्याचे शीर्ष जलासक्त व पुच्छ जलविन्मुख, तो द्विस्वभावी रेणू. येथे ‘रेणू’ हे पद गाळल्यास नदीत डोके बुडवून पाय वर केलेल्या जलतरणपटूवर अतिव्याप्ती होते; म्हणून ते आवश्यक.

शीर्षभेदाने द्विस्वभावी त्रिविध :

१. एकशीर्ष. उदाहरणार्थ, नित्याचा साबण. याविषयी अधिक बोलण्याजोगे काही नाही.

२. मालाशीर्ष. रिठ्यातील मुख्य सॅपोनिने, म्हणजे त्याची फेसकारी द्रव्ये, या वर्गातली. त्यांच्या शिरी शर्करा बहुधा सरळ ओळीत ओवलेल्या असतात.

३. शाखाशीर्ष. या मीमांसेचा मुख्य विषय तो हाच. चिली देशातील किल्लाया वृक्षाच्या सॅपोनिनांत ग्लुकुरॉनिक आम्लाला एकीकडे गॅलॅक्टोज व दुसरीकडे झायलोज अशी फांदी फुटलेली आढळते. डिजिटोनिन या आणखी एका सॅपोनिनाच्या शिरोभागी तर पाच शर्करांचा सशाख संभार असतो.

असे रेणू पाण्यात विरळ असता एकेकटे हिंडतात. क्रांतिक संहती ओलांडली की ते संघ स्थापन करतात. सोडियम डोडेसिल सल्फेट या एकशीर्ष प्रक्षालकाची ही मर्यादा 25 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 8 मिलिमोल आहे. संघाचे कारण पुच्छांचे परस्परप्रेम, असे भाबडे लोक मानतात. वस्तुतः पुच्छांभोवती पाण्याला अवघडून रचना सांभाळावी लागते. पुच्छे एकत्र कोंबली की पाणी मोकळे होते. संघटन येथे स्नेहातून नव्हे, यजमानाच्या गैरसोयीतून घडते.

संघाच्या आकाराविषयी मात्र दोन संप्रदाय संभवतात. पुच्छप्राधान्यवादी म्हणतात, शेपूट जाड तसा संघ. शीर्षप्राधान्यवादी म्हणतात, डोके रुंद तसा संघ. एसटीच्या तिघांच्या बाकावर मधला प्रवासी कोपरे पसरून बसला म्हणजे कडेच्या दोघांना वळूनच बसावे लागते. शाखायुक्त शीर्षही तसेच जागा अडवते व संघाच्या पृष्ठाला वक्रता येते. हा वाद 1976 साली इस्रायेलाचविली, मिचेल व निनहॅम यांनी एका अपूर्णांकात मिटवला : पुच्छाचे घनफळ भागिले शीर्षाने व्यापलेले क्षेत्रफळ व पुच्छाची लांबी यांचा गुणाकार.

भागाकार एकतृतीयांशाच्या आत असल्यास गोलसंघ. एकतृतीयांश ते अर्धा असल्यास दंडसंघ. अर्धा ते एक असल्यास पटलसंघ, ज्यातून पोकळ पिशव्याही वळतात. एकाहून अधिक झाल्यास सर्व उलटते आणि शीर्षे आत तोंड करून बसतात. पुच्छ तेच ठेवून शीर्षाला फांद्या फोडल्या की छेद वाढतो, भागाकार घटतो व समाज गोलाकडे झुकतो. शीर्षवाद्यांचा हा विजय. अर्थात पुच्छवाद्यांना अंश मिळाला आहे आणि तेवढ्यावर त्यांनी समाधान मानावे.

परंतु सॅपोनिनाचे पुच्छ लवचीक शेपटी नसून एकमेकांस जडलेल्या कड्यांचा ताठर पाट आहे. ‘पुच्छाची लांबी’ म्हणजे येथे काय मोजावे, याविषयी मौन श्रेयस्कर. सूत्राची ही अव्याप्ती होय. या ताठर रेणूंना कोलेस्टेरॉल व फॉस्फोलिपिड यांची संगत लाभली तर गोल नव्हे, दंड नव्हे, पटलही नव्हे, असा सुमारे 40 नॅनोमीटरचा पिंजरा तयार होतो. किल्लायाच्या सॅपोनिनांपासून घडवलेले असे पिंजरे ‘मॅट्रिक्स-एम’ या नावाने आर-21 या मलेरिया-लशीत घालतात. ही लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये तिची शिफारस केली आहे.

पिंजऱ्यातील पोकळी संघात धरावी की संघाबाहेर, हा प्रश्न द्वितीय पादासाठी राखून ठेवला आहे. तोवर जिज्ञासूंनी शिकेकाईकडे वळू नये. तिचे शास्त्र वेगळे.