आत घेतला का?

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत सप्टेंबर संपत आला की मराठी माणसं एकमेकांची तब्येत विचारायची सोडून देतात. देवळाच्या पार्किंगमध्ये, किराणा दुकानाच्या रांगेत, मंडळाच्या कोजागरीला मसाला दूध घेताना एकच प्रश्न कानावर येतो, "आत घेतला का?" काय आत घेतला, असं जो उलट विचारतो तो माणूस देशातून नुकताच आलेला आहे असं खुशाल समजावं. इथे आत घेण्यासारखी एकच गोष्ट असते. कढीपत्ता.

हा मुहूर्त पंचांगात नसतो. रात्रीचं तापमान पन्नास फॅरनहाइटच्या, म्हणजे दहा सेल्सियसच्या खाली जाऊ लागलं की कढीपत्ता हातपाय गाळतो, आणि पाणी गोठवणारी थंडी एक रात्र जरी लागली तरी त्याचे कोवळे शेंडे काळे पडतात. "अजून चार दिवस ऊन खाऊ दे बिचाऱ्याला" म्हणणारी मंडळी दरवर्षी निघतात. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे जेवायला जाताना मिठाईऐवजी कढीपत्त्याचं रोप न्यावं लागतं.

सांगलीला आमच्या घरी हेच झाड मोरीमागे उभं आहे. ते कुणी लावलं हे कुणालाच आठवत नाही, त्याला कुणी मुद्दाम पाणी घातल्याचा पुरावा नाही, आणि त्याच्या फांद्यांना फडकी वाळत घातलेली असतात. मंडईतली भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीवर दोन काड्या वरून टाकते आणि त्याचे पैसे विचारले तर तिला अपमान वाटतो. तोच कढीपत्ता शिकागोला आला की त्याला दक्षिणेकडची खिडकी लागते.

बरं, तो सहजासहजी येतही नाही. भारतातून ताजा कढीपत्ता सामानातून आणायला बंदी आहे. कारण हे झाड संत्र्या-लिंबाच्या कुळातलं, आणि त्याच्या कोवळ्या पालवीवर एक बारीक किडा राहतो. संत्र्याच्या बागाच्या बागा उद्ध्वस्त करणारा रोग हाच किडा पसरवतो. फ्लोरिडात तो रोग २००५ साली सापडला आणि तिथल्या संत्रेवाल्यांचं कंबरडं मोडलं. आता ज्या ज्या भागात किडा किंवा रोग आहे तिथून ही रोपं बाहेर न्यायला निर्बंध आहेत. विमानतळावर चकलीच्या डब्यातून कढीपत्त्याची पुरचुंडी बाहेर काढणारा अधिकारी खरं तर अमेरिकेचा संत्र्याचा रस वाचवत असतो. मला हे पटतं. माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका आजींना मात्र ते काही केल्या पटलं नव्हतं. "अहो, माझ्या अंगणातला आहे," एवढं एकच कलम त्या सरकारपुढे मांडत होत्या.

तेव्हा आमच्या भागातले बहुतेक कढीपत्ते गावातल्या गावातच, एकाच्या मुळाशी आलेला फुटवा दुसऱ्याला, असे वाढलेले आहेत. आमचा फुटवा कोल्हापूरच्या वहिनींकडून आला, त्यांचा मंडळाच्या जुन्या खजिनदारांकडून. खजिनदारांचा कुणाकडून, यावर दोन मतं आहेत आणि त्यावरून दोन कुटुंबं बोलत नाहीत. लग्न जमवताना इथे पत्रिका बघत नाहीत, पण फुटवा घेताना "कुणाचा?" हे बघतात.

शास्त्रीय नावात या झाडाने योहान कोनिग या माणसाचं नाव धारण केलेलं आहे. हा वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य, बाल्टिक किनाऱ्याच्या बाजूला जन्मलेला. अठराव्या शतकात तो तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आला, वनस्पती गोळा करत हिंडला आणि १७८५ साली भारतातच वारला. थंड देशातल्या माणसाने आयुष्याची शेवटची वर्षं आपल्या उन्हात काढली. झाडाला त्या उपकाराची जाणीव असल्याचं दिसत नाही.

आत घेणं हा एका माणसाचा उद्योग नव्हे. आधी कुंडी अंगणात आडवी करून पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवायची, कारण खवले कीड आणि पिठ्या ढेकूण हे दोघे तिकिटाशिवाय आत येण्यात पटाईत. मग कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारायचं. घराला दोन दिवस त्वचारोगाच्या दवाखान्याचा वास येतो. मग कुंडी उचलायची. उन्हाळ्यात ओल्या मातीसकट ती जितकी वजनदार होते त्याचा अंदाज माझ्या पाठीच्या डॉक्टरांना आहे.

आता जागा. डिसेंबरच्या शेवटी शिकागोचा दिवस नऊ तासांचा, त्यातले निम्मे तास ढगांचे. तेव्हा दक्षिणेची मोठी खिडकी हवी, आणि ती घरात एकच असते, आणि तिथे सोफा असतो. आमच्याकडे ऑक्टोबर ते मे सोफा जिन्याखाली जातो. पाहुणे जेवणाच्या खुर्च्यांवर बसतात आणि कढीपत्ता मुख्य जागी. शिवाय त्याला गरम हवेच्या झडपेपासून लांब ठेवायला लागतं, कारण फर्नेसची हवा इतकी कोरडी की पानाच्या मागे लाल कोळी संसार थाटतात. त्यामुळे ती झडप बंद. त्यामुळे बैठकीच्या खोलीत थंडी. त्यामुळे आम्ही स्वेटर घालून बसतो आणि कढीपत्त्याशेजारी ह्युमिडिफायर वाफ सोडत असतो. खालची फरशी बर्फासारखी होते म्हणून कुंडी पाटावर. हा पाट बायकोच्या माहेरचा, त्यावर मुंजीत बटू बसलेले आहेत.

एवढ्याने आपण वेडे आहोत असं वाटू लागलं की मी चौदाव्या लुईची आठवण काढतो. व्हर्सायला त्याने १६८४ ते १६८६ या काळात संत्र्यांसाठी दगडी महाल बांधून घेतला. मधलं दालनच दीडशे मीटरहून लांब. लाकडी पेट्यांतली हजाराहून जास्त झाडं आजही तिथे थंडीत आत जातात आणि मे महिन्यात बाहेर येतात. कढीपत्ता त्या संत्र्याचा भाऊबंदच. फरक इतकाच की लुईला सोफा कुठे ठेवायचा हे बायकोला विचारावं लागत नव्हतं.

खरी परीक्षा डिसेंबरात असते. एके सकाळी फांदी पिवळी दिसते, दुसऱ्या दिवशी पाटावर पानं सांडलेली, आणि नाताळापर्यंत खिडकीत दोन-तीन काटक्या उभ्या राहतात. वनस्पतीशास्त्र सांगतं, यात घाबरण्यासारखं काही नाही. उजेड कमी, गारवा जास्त, म्हणून झाडाने दुकान बंद करून विश्रांती घेतली आहे. वसंतात उघडेल. तोवर त्याला खत नको, कुंडी बदलणं नको, पाणीही माती वरची दोन बोटं सुकल्याशिवाय नको. मुळं झोपलेली असताना घातलेलं पाणी कुणीच पीत नाही. ते मातीत साचतं आणि मुळं कुजतात. इथले बहुसंख्य कढीपत्ते थंडीने मरत नाहीत, काळजीने मरतात.

पण काहीही न करता बसायचं म्हणजे मराठी माणसाला शिक्षाच. उघडं पडलेलं झाड पाहून घरात पाऊल टाकणारा प्रत्येक जण उपचार सांगतो, आणि नुसता सांगून थांबत नाही. कोल्हापूरच्या वहिनी मोहरीची पेंड घेऊन आल्या. खजिनदारांनी माझ्यासमोर कुंडीत चहाचा चोथा ओतला. एका हृदयरोगतज्ज्ञांनी खोडावर हात ठेवून डोळे मिटले, मग म्हणाले, "लोह कमी आहे," आणि गंजलेले खिळे पुरायला सांगितले. हेच गृहस्थ स्वतःच्या रुग्णाला तपासण्यांचे कागद पाहिल्याशिवाय खोकल्याचं औषध देत नाहीत.

आईचा फोन सांगलीहून व्हिडिओवर आला. कॅमेरा कुंडीकडे वळवला तर ती माझ्याकडे बघायलाच तयार नाही.

"ताक घातलंस का?"

"आई, बाहेर वजा अठरा आहे."

"अरे, ताकाला काय त्याचं? आंबट ताक घाल. आपल्याकडे घालतात."

आपल्याकडे घालतात हे खरं. आणि आपल्याकडे ते चालतं, कारण मोरीमागची जमीन, ऊन आणि जिवंत मुळं ते जिरवतात. बंद घरातल्या, झोपलेल्या कुंडीत तेच ताक नुसतं नासतं. मी हे सगळं आईला नीट समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग रात्री बायकोला वेगळा फोन केला.

आठवड्याभरात घरात चिलटं झाली. काळी, बारीक, ओल्या मातीत अंडी घालणारी. टीव्ही पाहताना ती डोळ्यांसमोरून जात, ऑफिसच्या व्हिडिओ बैठकीत माझ्या कपाळावर बसत. माझ्या साहेबाने अत्यंत सभ्यपणे विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. कुंडीला वास येत होता तो वेगळाच. शेवटी पिवळे चिकट कागद लावले, माती कोरडी होऊ दिली, तेव्हा ती आटोक्यात आली. या प्रकरणी बायकोने आजवर काहीही कबूल केलेलं नाही आणि आईने "पण पानं आली ना नंतर?" एवढंच म्हटलं आहे.

३० जानेवारी २०१९ ला ओहेअर विमानतळावर उणे तेवीस फॅरनहाइट, म्हणजे उणे एकतीस सेल्सियसच्या आसपास थंडी पडली होती. शाळा बंद, टपाल बंद. त्या रात्री आमच्या सगळ्या मराठी घरांत काटक्यांना पांघरुणं चढली. आमच्याकडे सोलापुरी चादर होती. मी इंजिनिअर आहे, म्हणून हळूच म्हणालो की चादर स्वतः ऊब देत नाही, आतल्याची धरून ठेवते, आणि या काटक्यांत धरून ठेवण्यासारखं काही नाही. कुंडी काचेपासून चार फूट आत ओढली तर पुरे. कुंडी ओढली. चादरही राहिली.

मोठा पेच पडतो तो भारतात जाताना. डिसेंबरच्या सुट्टीत सगळे मराठी एकदमच जातात, आणि जे राहतात त्यांच्या हातात कुंडी द्यायची हिंमत होत नाही, कारण ते माया करतात. म्हणून एका वर्षी शेजारच्या इटालियन आजोबांकडे किल्ली दिली. यांच्या परसात अंजिराचं झाड आहे. दरवर्षी थंडीच्या तोंडावर ते त्याच्या एका बाजूची मुळं कुदळीने तोडतात, झाड चरात आडवं करतात, वर फळ्या, पाला आणि माती टाकतात आणि चक्क पुरून मोकळे होतात. वसंतात उकरून उभं करतात. इटलीहून आलेल्या मंडळींची ही जुनी रीत. त्यांना आमची खिडकी, पाट, वाफेचं यंत्र दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले.

"मी काय करायचं?"

"काही नाही. बोट घालून बघा, माती कोरडी असेल तरच कपभर पाणी."

"एवढंच?"

"एवढंच."

महिन्याभराने परतलो तर त्यांनी खरोखरच एवढंच केलं होतं. चिलटं नाहीत, वास नाही, आणि एका काटकीच्या टोकाशी मोहरीएवढा हिरवा ठिपका. मंडळातल्या लोकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ते ताकात काही मिसळून घालतात का?"

झाड जिवंत आहे की नाही हे कळायला नखाने खोडाची साल किंचित खरवडावी. खाली हिरवं असेल तर झाड आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर आणखी खाली खरवडावं. जमिनीपर्यंत तपकिरी निघालं तरी लगेच टाकू नये, कधीकधी मुळापासून फुटतो. फक्त पाहुण्यांना खरवडू देऊ नये. गुढीपाडव्याला आलेल्या प्रत्येकाने खात्री करून घेतल्यामुळे आमच्या मधल्या खोडाला एका वर्षी साल उरली नव्हती.

बाहेर नेण्याची घाई तर मुळीच नको. इथले जुने बागवाले मे महिन्यातला मदर्स डे उलटेपर्यंत काही बाहेर काढत नाहीत, कारण एप्रिलमधलं ऊन फसवं असतं आणि मागून बर्फ येतो. नंतरही आठवडाभर सावलीतच ठेवायचा, नाहीतर काचेआड वाढलेली कोवळी पानं उन्हात करपून पांढरी पडतात. मग शेंडे खुडायचे म्हणजे बाजूने फुटवे येतात, आणि फुलं आली तर तीही काढून टाकायची. आपल्याला पानं हवी आहेत, झाडाचे वंशज नकोत.

जुलैत झाड भरतं. पण तोडणीचा अधिकार घरात एकाच व्यक्तीला, आणि ती व्यक्ती मी नाही. फोडणीला एक काडी, कढीला दीड. चिवडा फक्त गणपतीत. तेल तापलं, मोहरी तडतडली, वरून पानं पडली की तो वास अंगणापर्यंत येतो, आणि कुंपणापलीकडून अंजिरवाले आजोबा हात हलवतात.

एवढ्या खटाटोपातून ताटात आलेलं पान आमचे पाहुणे काय करतात? दोन बोटांनी उचलून ताटाच्या कडेला लावून ठेवतात. मिरचीच्या देठाशेजारी. भारतात हे चालत असेल, तिथे मोरीमागे आणखी आहे. पण शिकागोला कुणाच्याही घरी जेवायला बसलात तर हात जोडून सांगतो, कढीपत्ता चावून खा. आवडत नसेल तर न चावता गिळा. पण ताटात टाकू नका, यजमानीणबाई मोजत असतात.