ब्रॉसार्डच्या दप्तरातील बेवारस नोंदी

॥ श्री ॥

ब्रॉसार्ड, क्वेबेक, कॅनडा
ता. 15 फेब्रुवारी 1998

चि. दत्तात्रेय यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे संक्रांतीचे पत्र पोहोचले. वाड्याच्या वाटणीचा खर्डा अद्याप का आला नाही, आणि दादा मुद्दाम तर वेळ काढीत नाहीत ना, असा जो सूर त्या पत्राच्या अखेरच्या परिच्छेदात उमटला आहे, त्याची रीतसर दखल घेऊनच हे उत्तर लिहावयास बसलो आहे. कारण विलंब झाला ही गोष्ट खरी असली तरी तिच्या मुळाशी माझा हेतू नसून निसर्गाचा क्षोभ आणि एका यंत्राचे दप्तर आहे, आणि ही हकीकत मी पंचनाम्यासह कळविली नाही, तर गणपतीच्या घाटावर तिचा निराळाच अर्थ लावला जाईल हे मी ओळखून आहे.

येथे जानेवारीच्या 5 तारखेपासून 10 तारखेपर्यंत जे वादळ झाले, ते आपण वाईस ज्याला वादळ म्हणतो त्यातले नव्हे. सोसाटा नाही, गडगडाट नाही. केवळ एक संथ, सभ्य दिसणारा पाऊस, जो वरच्या उबदार हवेतून पाणी म्हणून निघतो आणि खालच्या गारठलेल्या थरात शिरल्यावर ज्या वस्तूला स्पर्श करील तिच्यावर तत्क्षणी बर्फ होऊन बसतो. मॉन्ट्रियलच्या दक्षिणेस काही ठिकाणी असा शंभर मिलिमीटरपर्यंत पाऊस झाला. त्या भाराने सुमारे हजार पोलादी मनोरे वाकून कोसळले, 30 हजारांवर लाकडी खांब मोडले, नदीवरचे पूल बंद पडले आणि सरकारला लष्कर पाचारण करावे लागले. येथील घरे बहुतांशी विजेवरच तापत असल्यामुळे वीज गेली म्हणजे नुसता अंधार होत नाही, तर घरच हळूहळू माणसाला हाकलू लागते. आम्ही सर्वजण श्रीकांतच्या एका गुजराती स्नेह्याकडे, ज्याच्या दिवाणखान्यात सुदैवाने लाकडाची शेगडी होती, आश्रयास गेलो. तेथे तुझ्या वहिनीने उंधियूची कृती पैदा केली आणि त्या गृहस्थांच्या मातुःश्रींशी तिचे असे काही सख्य जमले की वीज परत आल्याचे वर्तमान तिला फारसे आनंददायक वाटले नाही.

आता मूळ प्रकरणाकडे वळतो. ह्या गावाची मांडणी मला पहिल्यापासून पसंत आहे: एका विभागातील यच्चयावत रस्त्यांची नावे एकाच आद्याक्षराने सुरू होतात, त्यामुळे पत्त्यावरून विभाग आणि विभागावरून पत्ता असा दोन्ही बाजूंनी ताळा पडतो. अशी शिस्त ज्या गावच्या रस्त्यांना आहे, त्या गावातल्या एका सुविद्य घराच्या तळघरात इतका बेबंद कारभार नांदत असेल हे मला कोणी सांगितले असते तरी खरे वाटले नसते. तेथे श्रीकांतचा संगणक आहे. त्यात विंडोज 95 आहे, आणि पुण्याहून आणविलेला देवनागरी फाँटही आहे. त्यावर मी दुपारच्या वेळी वाटणीचा खर्डा, म्हणजे वंशावळ, चतुःसीमा, खोल्यांची मोजमापे आणि हक्कसंबंध असा सर्व मजकूर, टंकलिखित करीत होतो. मजकूर जतन करण्याची आज्ञा दिली, आतील तबकडी घरघरू लागली, आणि त्याच क्षणी वीज गेली.

वीज परत आल्यावर, घर नि यंत्र दोन्ही पुरते उबदार होईपर्यंत थांबून (थंड यंत्रात दव धरते, हे श्रीकांतचे म्हणणे मला पटले), आम्ही कळ दाबली. यंत्राने प्रथम आपणांस सन्मानपूर्वक बंद केले गेले नाही अशी तक्रार नोंदविली, आणि मग निळ्या पडद्यावर ‘स्कॅनडिस्क’ नावाची चौकशी सुरू केली. श्रीकांत कपाळाला हात लावून बसला. सूनबाई म्हणाली, ‘गेलं आता सगळं.’ मी मात्र खुर्ची पुढे ओढली. कारण पडद्यावर जे एकेक दोषारोप उमटू लागले, ते वाचताना मला आपल्या मामलेदार कचेरीतल्या रेकॉर्ड खोलीचा वास आला.

दत्तू, हे यंत्र म्हणजे एक तहसील आहे. तबकडीची जमीन सारख्या आकाराच्या गटांत विभागलेली असते. आमच्या तबकडीवर एकेक गट 32 किलोबाइटांचा, म्हणजे बत्तीस हजारांहून किंचित अधिक अक्षरांचा आहे, आणि चार ओळींचे पत्र लिहिले तरी त्यास पूर्ण गट तोडून द्यावा लागतो, बाकीची जमीन पडीक. कोणता गट कोणाच्या ताब्यात आहे ह्याचा एक तक्ता असतो, त्यास ‘फॅट’ म्हणतात. मार्क मॅक्डोनाल्ड नामक गृहस्थाने तो 1977 च्या सुमारास प्रथम रचला. तेव्हा फ्लॉपीपुरते राज्य होते, पुढे मुलूख वाढला तरी वहिवाट तीच राहिली. खातेदाराच्या यादीत फाइलीचे नाव, तारीख, आकार आणि केवळ पहिल्या गटाचा क्रमांक एवढेच लिहितात. पुढचा गट कोणता, हे पहिल्या गटासमोर. त्यापुढचा कोणता, हे दुसऱ्यासमोर. आणि शेवटच्यासमोर ‘समाप्त’ अशी खूण. फाइल पुसली म्हणजे तिची जमीन नांगरली जात नाही, तर नावाचे आद्याक्षर खोडून गट मोकळे दाखवितात. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराच्या नावाला आपण कंस करतो आणि तो मनुष्य तरीही पुढची दहा वर्षे त्याच शेतात ज्वारी काढतो, त्यातलाच प्रकार. म्हणूनच पुसलेल्या फायली, त्यांच्या जागी दुसरे काही लिहिले जाण्याच्या आत धावपळ केली, तर परत मिळवता येतात.

ह्या तक्त्याच्या दोन प्रती ठेवतात हे ऐकून मला प्रथम समाधान वाटले. परंतु दोन्ही प्रती त्याच तबकडीवर, एकमेकींना लागून असतात, हे कळल्यावर ते मावळले. एकाच कपाटात वर-खाली ठेवलेल्या दोन प्रतींना आमच्या काळी कोणीही तपासणी अधिकारी दुसरी प्रत म्हणून मान्य करता ना. त्याहून घातक गोष्ट अशी, की कामाचा वेग वाढावा म्हणून यंत्र प्रत्येक फेरफार तत्काळ वहीत चढवीत नाही. काही काळ तो चपळ कारकुनाच्या खिशातील चिठोऱ्यावर राहतो आणि सवड मिळाली की नोंदला जातो. बंद करण्यापूर्वी यंत्रास रीतसर सूचना द्यावी, मग ते ‘आता बंद करण्यास हरकत नाही’ असे लिहून देते, ह्या सोपस्काराचे रहस्य ते चिठोरे हेच आहे. आमच्याकडे दिवा गेला तेव्हा खिसा भरलेला होता.

चौकशीत दोन प्रकारचे दोष आढळले. पहिले बेवारस गट: तक्त्यावर ते ताब्यात म्हणून दाखविलेले, परंतु खातेदारांच्या यादीत त्यांवर हक्क सांगणारा कोणी नाही. दुसरा दोष अधिक गंभीर, दुबार नोंदीचा: एकाच गटावर दोन फायलींचा दावा. श्रीकांतचा स्वभाव तुला ठाऊकच आहे. त्याने ‘सर्व दुरुस्त करा’ ह्या अर्थाच्या कळीवर बोट नेले. मी ते तेथल्या तेथे रोखले. हितसंबंधितांना नोटीस नाही, हरकती नाहीत, आणि एकदम फेरफार मंजूर? ह्या चौकशी करणाऱ्या आज्ञावलीचे काम वही वहीशी जुळवणे एवढेच आहे. जमिनीवर काय उभे आहे, ते कोणाच्या श्रमाचे आहे, ह्याशी तिला कर्तव्य नाही, आणि वहीचा ताळा पडावा म्हणून ती चांगल्या उभ्या पिकाचे शेतही मोकळे लिहून टाकील. सुदैवाने तिने स्वतःच, पूर्वस्थिती फ्लॉपीवर लिहून ठेवू का, असे विचारले. मी होकार देवविला. श्रीकांतने घरभर कोरी फ्लॉपी शोधली. अखेर नातीच्या खेळाची एक सापडली, तिच्यावरचा खेळ जप्त झाला, आणि त्याबद्दल सई अद्यापि माझ्याशी मराठीत बोलत नाही.

बेवारस गट मोकळे न करता आम्ही फायलींत रूपांतरित करवून घेतले. त्यांना शून्यापासून पुढे नुसते क्रमांक आणि अंती ‘सीएचके’ एवढेच उपपद मिळते. नाव नाही, गाव नाही, बाप नाही. त्या उघडून पाहाव्यात तर रोमन अक्षरे, उद्गारचिन्हे आणि चौकोन ह्यांचा असा काला, की ही नासलेली फाइल की चांगले मराठी, हे ब्रह्मदेवास सांगता येऊ नये. कारण आपले हे देवनागरी फाँट आतून रोमन अक्षरांच्याच जागांवर बसलेले असतात, आणि फाँट उतरविला की ज्ञानेश्वरी आणि कचरा ह्यांत डोळ्यांना भेद राहत नाही. म्हणून एकेका अनाथास पुढे घ्यायचे, त्यास फाँट चढवायचा आणि तो मराठी बोलतो का पाहायचे, असे काम सुरू झाले. एकाने बोलावयास आरंभ केला तो आपल्या पणज्यांच्या दुसऱ्या कुटुंबापासून. वंशावळीची ती शाखा, जी तू गाळावी असे सुचविले होतेस, ती संपूर्ण सुखरूप आहे. दुसऱ्यातून सूनबाईच्या भिशीचा हिशेब निघाला. त्यातील दोन रकमांविषयी श्रीकांतने प्रश्न विचारला आणि त्या संध्याकाळी आम्ही संगणकाचे काम पुढे नेले नाही.

दुबार नोंदीचे नाट्य खर्ड्याच्या बाबतीतच घडले. आपल्या घराण्याची वाटणी 32 किलोबाइटांत मावेल अशी अपेक्षा कोणीच करू नये. पहिला गट माडीपाशीच भरला होता. वाचीत वाचीत मी ‘पश्चिमेस सामाईक भिंत, तिची उंची’ येथवर आलो आणि पुढे एकाएकी अशी देवनागरी लागली, की जीत व्यंजनांवर व्यंजने चढलेली, रफार हवेत तरंगणारे आणि अर्थाचा मागमूस नाही. मी तीन ओळी मोठ्याने वाचल्या. तुझ्या वहिनीने देवापुढची वात सारखी करीत विचारले, ‘कुठलं स्तोत्र?’ तेवढ्यात सईने, अबोला न मोडता, हात लांब करून फाँट बदलला, आणि तो मजकूर फ्रेंच झाला: तिच्या शाळेतील बीव्हर ह्या प्राण्यावरील निबंध. आपल्या सामाईक भिंतीनंतर तो प्राणी दातांनी झाडे पाडून ओढ्यावर बांध कसा घालतो, ह्याचे मोठे सरस वर्णन त्यात आहे. गटावर अखेरचा लेख तिचा असल्यामुळे ताबा तिचा ठरला, माझा मजकूर त्याखाली गेला. यंत्र फार तर दोघांनाही त्या गटाची एकेक नक्कल देते, आणि नक्कल बीव्हरचीच असते.

तबकडीचा पृष्ठभाग तपासणे बाकी होते. विंडोजमधील ही तपासणी चालू असताना तबकडीवर कोणी काही लिहिले तर ती पुन्हा पहिल्यापासून आरंभ करते. आणि श्रीकांतने पडद्यावर हौसेने मासे सोडले आहेत, जे यंत्रास कोणी हात लावीत नाही असे पाहून पोहावयास निघतात. मासे निघाले की तपासणी मुळापाशी. मासे काढले, तेव्हा कोठे ती रात्रभरात पार पडली. थोडे गट नादुरुस्त निघाले. त्यांसमोर कायमची खूण करून ते लागवडीतून वगळले, म्हणजे पोटखराबा दाखविला. त्यानंतर श्रीकांतने विखुरलेले गट एकत्र आणण्याची आज्ञावली चालविली. रंगीत चौकोन सरकताना पाहून मला 1947 चा तुकडेबंदीचा कायदा आणि एकत्रीकरणाची योजना आठवली. फरक एवढाच की येथे एकाही गटाने मोर्चा आणला नाही, किंवा ‘साहेब, माझा तुकडा विहिरीजवळचा होता’ म्हणून माझ्या पायाशी लोळण घेतली नाही.

विहिरीवरून आठवले. पाण्याच्या पाळ्या, रायवळ आंब्याचे उत्पन्न आणि तुळशीवृंदावनापलीकडील चौकाचा हक्क हा भाग बीव्हरखाली गेला तो गेलाच. तेव्हा कै. नानांच्या हातचा जो कागद तुझ्या कपाटात आहे, त्यावरून बरहुकूम नक्कल उतरवून, ती खरी असल्याबद्दल आत्यांच्या यजमानांची सही घेऊन, रजिस्टर टपालाने पाठव. पाळ्यांचे दिवस जसे लिहिले आहेत तसेच उतरव. अक्षर लागत नसेल तेथे रिकामी जागा सोड, अंदाजाने भरू नकोस, कारण तुझे अंदाज कोणत्या बाजूला झुकतात ह्याचा मला पूर्वानुभव आहे. आंब्याविषयी वादच नको. तो माझ्या वाट्याच्या भिंतीच्या आत आहे, आणि कॅनडातील तक्ता बिघडला म्हणून वाईतले झाड सरकलेले नाही.

घरी सर्वांस आशीर्वाद. कळावे.

तुझा,
दादा